बाराव्या माणसाचा अंगरखा

हिमायतनगर
४ जून २०२४

आत्या,

शरणार्थ. पाया पडलो असं समज. मंडपाच्या टेम्पोत कनातींच्या गठ्ठ्यावर बसून लिहून राहिलो, वाकायला जागा न्हाई.

तुझे कान गेले ते माझ्या पथ्यावरच पडलं म्हण. फोनवर मी काय बोलतो? "हाव, जेवलो, बरा हाय." संपलं. तुला कागदावर लिहायचं म्हणलं की सगळं आठवतं.

मागच्या पत्रात मी देगलूरला होतो का उदगीरला? जिथं होतो तिथून निघालो. सध्या इथं एका मंडपवाल्याकडं हाय. सकाळ-संध्याकाळ बांधायचं-सोडायचं, दुपार माझी. दुपारी सुई. तू शिकवलेला धावदोरा, तू शिकवलेली तुरपाई, दोऱ्याला मेण. मालक परवा म्हणला, "बाप्या माणूस तू, हातानं काय शिवत बसतोस? मशीन देतो की." म्हणलं, मालक, शंभर वर्षांमागचा कपडा मशीनवर शिवला तर तो शंभर वर्षांमागचा राहत न्हाई. तर म्हणतो कसा, "मग तू शिवलेला तरी कुठं शंभर वर्षांमागचा हाय? परवाचाच की." ह्याला मला उत्तर सुचलं न्हाई. तुला सुचलं तर कळव.

मंडळाची पोरं बी येऊन गेली. राजाचा पोशाख शिवून दे, चमकी लावून. न्हाई म्हणलं. राजाकडं लोक बघतातच, त्याला शिंप्याची गरज न्हाई. राजाच्या मागं जो उभा असतो त्याचा मी शिवतो. बाराबंदी झाली, निजामाच्या वेळच्या टपालवाल्याचा कोट झाला. आता नवीन सापडलंय, त्यासाठी तर हे पत्र, आणि मी पानभर भलतंच लिहून बसलो.

इथून जवळच्या एका गावात जुनं वाचनालय हाय. कनात ठोकायला गेलतो, पाणी प्यायला आत शिरलो आणि तीन तास तिथंच. भिंतीवर खिडकीएवढा फोटो. सन अठ्ठेचाळीस, निजामाचं राज्य संपलं त्या सप्टेंबरातला. सरहद्दीवरच्या छावणीत झाडाखाली बारा माणसं, सगळ्यांचे उजवे हात वर, तोंडं उघडी, घोषणा चालू. खाली अकरा नावं आणि शेवटी "अनोळखी". तो बारावा. शेजारच्याचा वर केलेला हात नेमका त्याच्या तोंडावर आलाय. वाचनालय सांभाळणारे व्यंकटी काका सांगत होते, दर सतरा सप्टेंबरला झेंडा झाला की फोटोला हार घालून नावं मोठ्यानं वाचतात. अकरा नावं, मग "आणि एक अनोळखी".

आत्या, अकरा जणांच्या अंगात सदरे नि कुडते, एकाची शेरवानी. ह्या एकट्याच्या अंगात जुन्या कापाचा अंगरखा! तोंड न दिसंना का, मला कुठं सोयरीक जुळवायचीय? कापड दिसतंय तेवढं पुरं. सतरा सप्टेंबरला तो अंगरखा शिवून, घालून त्या फोटोखाली उभा राहणार. ठरलं.

अप्पांना मी कुठं हाय ते सांगू नको. इचारलं तर नांदेड म्हण, नांदेड मोठं हाय.

तुझा अमरेश


किल्लारी
१५ जून

अमऱ्या,

तुझं पत्र पाच दिवसांत आलं. तू दोन वर्षांत आला न्हाईस.

मालकाला सांग, माझी भाकर बी आजचीच असती, पण थापायची रीत माझ्या आईची, अव्वाची हाय. एवढं सुचलं न्हाई व्हय रे तुला? बारावीत कशाला नापास झालास ते आज कळलं.

फोटोतल्या माणसाचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. आता मी इचारते त्याची उत्तरं दे, आणि मधी कुठं पाणी प्यायला शिरू नको. गळा कसा हाय? बंद किती, नि कुठल्या अंगाला? बाही मनगटाशी सरळ का चुण्यांची? घेराला कळ्या किती? हात वर हाय म्हणतोस तर बगल दिसत असंल. बगलंत काय दिसतं?

का इचारते ते इचारू नको.

रेणापूरला तुझ्या बापाला, रेवणप्पाला, नांदेड लिहून कळवलं. त्यानं उलट लिहिलं, "म्हणजे नांदेडात न्हाई."

आत्या


हिमायतनगर
२४ जून

आत्या,

भाकरीचं मालकाला सांगितलं. त्यानं चहा पाजला. लगीनसराई सरली, पाऊस लागला, म्हणून त्यानंच एक दिवस सुट्टी दिली आणि मी सहस्रकुंडाला गेलो. पैनगंगा तिथं काळ्या खडकावरून खाली उडी घेती. वरून बघितलं तर पाणी म्हणजे पांढऱ्या कापडाचा ताका कुणी झटकून सोडलाय. मी तिथं बसून अंगरख्याच्या घेराची एक अख्खी कळी शिवली. अंगावर तुषार उडत होते, दोरा ओला झाला, मेण लावलेलं म्हणून टिकला. तिथं एक म्हातारी मक्याची कणसं भाजत होती, ती म्हणली, "लेकरा, कुणाच्या पोराचं झबलं शिवतोस?" म्हणलं, अनोळखी माणसाचं हाय. ती म्हणली, "मग माप कुणाचं घेतलंस?" म्हणलं, माझंच.

हां, उत्तरं. परत वाचनालयात जाऊन बघून आलो. गळा गोल, खाली छातीवर अर्ध्या चंद्रासारखा उतरलेला. बंदांच्या दोन जोड्या दिसतात, डाव्या अंगाला. बाही लांब, मनगटाशी चुण्या. हात वर केल्यानं घेर उचललाय, त्यात तीन कळ्या मोजल्या, बाकीच्या मागं असतील. बगलंत घाम हाय, काळा डाग. सप्टेंबरची उमस आणि त्यात घोषणा! बाकीच्या कुणाला न्हाई, ह्यालाच हाय. आपल्या घराण्यासारखा लई घाम येत असंल बिचाऱ्याला.

मी मांजरपाटाचा पांढराशुभ्र शिवून राहिलो. निम्मा झाला. घामाचा डाग माझा मीच लावीन, त्याला सुई लागत न्हाई.

तुझा अमरेश


किल्लारी
३ जुलै

अमऱ्या,

घामाला कोपरे नसतात. भिंग घेऊन जा आणि डागाला कोपरे हायत का बघ. तोवर बगल शिवू नको.

आत्या


हिमायतनगर
१२ जुलै

आत्या,

कार्डावर तीन ओळी लिहिल्यास आणि माझी झोप घालवलीस.

व्यंकटी काकांकडं भिंग मागितलं. ते म्हणले, "कपडे शिवायला भिंग?" म्हणलं, वाचायला. मग स्टुलावर उभा राहून बघितलं.

कोपरे हायत. चार. शंकरपाळ्यासारखा काळा चौकोन हाय, कडा एकदम धारदार. तो घाम न्हाई, तो चौबगला हाय! हात मोकळा हालावा म्हणून बगलंत चौकोनी तुकडा बसवतात तोच. पण बाकी अंगरखा पांढरा आणि हा तुकडा गडद, दुसऱ्याच कापडाचा. आणि अजून एक. त्या गडद तुकड्यातून एक फिकट रेघ गेलीय. मधोमध न्हाई. एका अंगाला एक भाग, दुसऱ्या अंगाला दोन भाग, अशी.

मी दीड महिना त्या फोटोकडं बघून राहिलो आणि चौबगल्याला घाम म्हणलो. स्वतःला हातशिलाईवाला म्हणवतो मी! स्टुलावरून उतरलो तेव्हा लाज वाटली. मग वाटलं, शिंप्यानं कापड कमी पडलं म्हणून ठिगळ लावलं असंल. मग वाटलं, पांढऱ्यावर गडद ठिगळ कोणता शिंपी लावतो?

एक बगल मी पांढऱ्यानं शिवून बसलो होतो. काल उसवली.

आत्या, तुला किल्लारीत बसून ह्या माणसाची बगल कशी ठाऊक? काय लपवून राहिलीस?

अमरेश


किल्लारी
२९ जुलै

अमऱ्या,

उशीर झाला. तीनदा लिहिलं नि तीनदा फाडलं.

तो तुझा अज्जा हाय. माझा बाप, गुरुबसप्पा.

मला तुझ्या पहिल्याच पत्रात वाटलं होतं. पण मला तर प्रत्येक जुन्या फोटोत तेच दिसतात, म्हणून बोलले न्हाई. आणि आधी सांगितलं असतं तर तुला बी तेच दिसायला लागलं असतं. तुझ्या डोळ्यानं बघितलेलं मला पाहिजे होतं.

तुला घरातलं कुणी हे सांगितलं नसंल. तुझे अज्जा खणांचं गाठोडं पाठीवर घेऊन बाजार करायचे, आज ह्या गावाला, उद्या त्या. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात बाजाराला म्हणून गेले ते सप्टेंबर सरल्यावर आले. मधी गावावर रझाकार येऊन गेले. अव्वा घरात एकटी होती, ज्वारीच्या कणगीमागं दिवस काढले तिनं. गाव म्हणलं, गुरुबसप्पा बायको टाकून पळाला. अज्जा परत आले तर लोकांनी इचारलं, कुठं होतास? "बाजाराला." मरेपर्यंत तेच, "बाजाराला." दुसरा शब्द न्हाई.

मी शाळेत पळपुट्याची पोर. रेवणप्पा माझ्यामागून तेरा वर्षांनी झाला, तो बी पळपुट्याचा पोरगा. माझ्या लग्नाच्या बोलणीत बी तो शब्द निघाला होता. रेवणप्पा दुकानाच्या गादीवरून हालत न्हाई, आणि तू हाललास की त्याचं डोकं फिरतं, त्याचं कारण हे हाय. त्याला राग तुझा न्हाई.

मी एकदा अव्वाला इचारलं, तुला तरी काय बोलले का ते? अव्वा म्हणली, "त्यांनी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. उजवा चौबगला फाटून आला होता, मी दुसरा लावला."

आपल्या घरात रीत होती. अंगरखा शिंप्यानं शिवायचा, पण दोन्ही बगला उघड्या ठेवायच्या. चौबगला घरच्या बाईनं आपल्या अंगावरच्या लुगड्यातून कापून आपल्या हातानं बसवायचा. अव्वा म्हणायची, गडी माणूस लांब जातो, कुठं हात वर करायची वेळ आली तर घरचं कुणीतरी हाताखाली असावं. तिचं इरकल लुगडं डाळिंबी रंगाचं, काठाच्या वर पिवळी रेघ.

ते लुगडं अजून हाय. मी चालती-बोलती झाले तेव्हा अव्वानं ते वाकळीच्या पोटात घातलं आणि ती वाकळ माझ्या पहिल्या बाळंतपणाला मला दिली. त्र्याण्णवच्या भूकंपात माझं घर गेलं, भांडी गेली, अज्जांचा एकुलता फोटो गेला. वाकळ राहिली, कारण ती माझ्या अंगावर होती.

आता ती उसवली तर कळंल. लुगड्यात चौकोनी भोकं असली आणि रेघ तू लिहिलीस तशी असली, तर तो माझा बाप. नसली, तर वाकळ बी गेली आणि बाप बी गेला. रोज कात्री घेऊन बसते आणि परत ठेवते. एकोणसत्तर वर्षांची बाई मी, मला टाके तोडायचं भ्या वाटावं!

शरणम्मा


हिमायतनगर
६ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र स्टँडवर उभ्यानं वाचलं, बस निघून गेली, मग परत बसून वाचलं.

मला आठवीत अप्पांनी पहिल्यांदा मारलं ते शाळा सोडून शेजारगावच्या जत्रेत गेलो म्हणून. मारताना म्हणले, "आजा पळपुटा, नातू पळपुटा." मला वाटलं नुसती शिवी हाय. त्या शिवीला एवढं मोठं पोट असंल हे ठाऊक नव्हतं.

आता मी एक लपवलंय ते सांगतो. चौबगला दिसल्यावर मला बी शंका आलती की हा आपल्यातला कुणी असंल, कारण तू असं कधी घाईनं लिहीत न्हाईस. मी शहाणपणा करून व्यंकटी काकांना बोललो, की हा माणूस माझ्या आत्याच्या ओळखीचा निघायला लागलाय. काका हसले. "पोरा, दर वर्षी दोन-तीन जण येतात. सगळ्यांनाच त्याच्यात आपला आजा दिसतो. तोंड झाकलेलं बरं असतं, कुणालाबी बसतं." वर म्हणले, ह्या वर्षी फोटोखाली रंगवून पक्की पाटी लावायचीय, पेंटरला सांगून झालंय. पाटीवर एकदा "अनोळखी" रंगवलं की माझ्या जन्मात तरी ते कुणी खरवडणार न्हाई.

पेंटर सप्टेंबरच्या दुसऱ्या हप्त्यात येणार.

आत्या, उसव. तू मला शिकवलं होतंस ना, टाका चुकला वाटला की त्याच्यावर दुसरा टाका घालायचा न्हाई, उसवून बघायचं. भोकं नसली तर मी किल्लारीला येतो, पंधरा दिवस बसतो, वाकळ होती तशी शिवून देतो, आणि त्या माणसाचा अंगरखा तरी बी घालतो. माणूस आपला नसला म्हणून काय झालं, हात तर त्यानं वर केलाच होता.

पण भोकं असतील. मी रेघ बघितलीय.

अमरेश


किल्लारी
२७ ऑगस्ट

अमऱ्या,

उसवली.

वरचं कापड माझ्या जुन्या पातळांचं, मीच मागनं चढवलेलं, ते सुटलं. मधी धोतरं. सगळ्यात आत डाळिंबी. रंग अजून तसाच, ऊन लागलं न्हाई ना. जमिनीवर पसरलं, सून एका टोकाला नि मी एका टोकाला.

काठाजवळ भोकं हायत. चार-चार बोटांची, चौकोनी, कडा दुमडून बारीक टाका घातलेला, पुढं उसवू नये म्हणून. पिवळी रेघ भोकापाशी येऊन तुटती आणि पलीकडं परत सुरू होती. मी दोऱ्यानं मापली. एका अंगाला एक भाग, दुसऱ्या अंगाला दोन.

आणि भोकं दोन न्हाईत. तीन हायत. डाव्या बगलंचं एक, उजव्या बगलंचं एक, आणि फाटून आल्यावर परत लावलेलं एक. अव्वा एका शब्दानं खोटं बोलली नव्हती.

सून घाबरली, अत्त्या रडायला लागल्या म्हणून. रडत नव्हते मी. मला ओरडायचं होतं, पण माझं ओरडणं मलाच ऐकू येत न्हाई, मग मजा काय.

आता ऐक. अंगरखा पुरा शिव, दोन्ही बगला उघड्या ठेव. चौबगला तू शिवायचा न्हाई, कितीबी चांगला हात असला तरी. घरच्या बाईनं शिवायचा असतो. मी येते. सून म्हणती एवढ्या लांब कशा जाणार, तीन बशी बदलाव्या लागतात. म्हणलं, मी कुणाची पोर हाय? बाजाराला जाऊन येते.

पेंटरला थांबवून ठेव.

शरणम्मा


हिमायतनगर
१९ सप्टेंबर

आत्या,

तू नीट पोचलीस हे सुनंच्या मेसेजवरून कळलं. नांदेडच्या स्टँडवर तू कंडक्टरला "हळू बोल, मला ऐकू येत न्हाई" म्हणून भांडलीस ते बी तिनं लिहिलंय.

तीन दिवस तू इथं होतीस, सगळं डोळ्यानं बघितलंस, पण कोण काय बोललं ते तुला कुठं कळलं? मी तिथं तुला खुणा करून राहिलो तर तू म्हणलीस, "मागनं लिही, आत्ता बघू दे." म्हणून लिहितो. जे ऐकलं ते सगळं.

पंधरा तारखेला तू वाचनालयाच्या बाकड्यावर बसलीस, माझा अंगरखा मांडीवर घेतलास, तेव्हा पहिल्यांदा तो उलटा करून शिवण बघितलीस. तू तो परत सुलटा करून ठेवलास. आत्या, बारावीच्या निकालाला मला एवढं भ्या वाटलं नव्हतं.

तू पिशवीतून अव्वाचं लुगडं काढलंस तेव्हा व्यंकटी काका म्हणले, "बाई, डाळिंबी लुगडी काय कमी होती व्हय त्या काळात? रेघ बी असतीच." तू ऐकलं न्हाईस, पण तू नेमकं तेव्हाच उठलीस, लुगड्याचं भोक फोटोच्या काचेवर, त्या बगलंवर धरलंस. भोक मोठं, फोटोतली बगल बारकी. पण रेघ, आत्या! भोकाच्या एका कडेपाशी तुटलेली पिवळी रेघ, मधी फोटोतली रेघ, आणि पलीकडं परत पिवळी. एका रेषेत. काका भिंग घेऊन आले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी मला हळूच इचारलं, "ही बाकीची दोन भोकं?" मी सांगितलं, डावी बगल, आणि एक फाटून आल्यावरचं. काका म्हणले, "फाटून आल्यावर कुणी इचारलं न्हाई?" म्हणलं, न्हाई. ते म्हणले, "माझी माय बी इचारायची न्हाई."

तू तोवर परत बाकड्यावर जाऊन शिवून राहिली होतीस. चौथं भोक तू कात्रीनं कापलंस तेव्हा कात्रीचा आवाज सगळ्या वाचनालयात ऐकू आला, तुला सोडून सगळ्यांना. आणि पाचवं. पेंटर डबा घेऊन दारात उभा होता. तो म्हणला, "काका, अनोळखी लिहायचं का काय?" काका त्याच्यावर केवढ्यांदा ओरडले म्हणून सांगू! "दिसत न्हाई का, बाई शिवून राहिलीय? थांब की!"

आता सतरा तारीख. झेंडा झाला. मी फोटोखाली उभा. तू पहिल्या रांगेत खुर्चीवर, अव्वाचं लुगडं मांडीवर. काकांनी माईक घेतला. नावं वाचायला लागले. एक, दोन, तीन. दर नावाला लोक "अमर रहे" म्हणत होते. तू माझ्याकडं बघत होतीस, मी बोटं मोजून दाखवत होतो. अकरा झाली. काका थांबले. गावाला सवय हाय ना, मागून दोन-तीन पोरांनी आपणहून म्हणून टाकलं, "आणि एक अनोळखी!"

काका म्हणले, "न्हाई."

माईकवर म्हणले, "शहात्तर वर्षं आपण चुकीचं वाचलं. बारावं नाव, गुरुबसप्पा. राहणार किल्लारीकडचे. खणाचे व्यापारी. सरहद्दीवरच्या छावणीत होते. घरी त्यांनी सांगितलं, बाजाराला गेलतो." आणि मग तुझ्याकडं हात करून म्हणले, "त्यांची लेक समोर बसलीय. तिला ऐकू येत न्हाई. तवा जरा मोठ्यानं."

आत्या, तुला त्या वक्ताला वाटलं असंल लोक नुसते उभे राहिले. उभे न्हाई राहिले नुसते. ओरडले. लहान पोरं, बाया, तो पेंटर, माझा मंडपवाला मालक, सगळे. मी हात वर केला. तू शिवलेला डाळिंबी चौबगला उघडा पडला, उजेडात, सगळ्यांसमोर. तू तेव्हा जे केलंस ते मी बघितलंय. तू बी हात वर केलास.

ते काय ओरडले ते लिहितो, कारण ते तुझं हाय. "गुरुबसप्पा अमर रहे." तीनदा. तिसऱ्यांदा तर वाचनालयाचे पत्रे वाजले.

पाटी लागली. फोटो काढून सोबत धाडलाय, छापून, म्हणजे तुला चष्म्यानं बघता येईल. अप्पांना बी एक धाडला. पत्र न्हाई लिहिलं, काय लिहावं कळलं न्हाई. नुसता फोटो, आणि मागं पत्ता. खरा पत्ता, नांदेड न्हाई.

पुढचं अजून ठरलं न्हाई. इकडं एकाकडं शंभर वर्षांमागची सुईणीची चोळी हाय म्हणतात, पेटीत. बघून येतो.

अमरेश

ता. क. परतीच्या बसमध्ये चढताना तू जे म्हणलीस ते मी चार जणांना सांगितलं. "तुरपाई माझ्यापेक्षा बारीक हाय." ते मी ऐकलंय बरं का. आता फिरवायचं न्हाई.


रेणापूर
२ ऑक्टोबर

चि. अमरेशास,

फोटो मिळाला. दुकानात गादीच्या वर लावलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल असा. कोण इचारलं तर सांगतो.

छाती बेचाळीस. उंची तुला ठाऊक हाय. बाही जरा सैल ठेव, माझा उजवा हात खांद्यापासून पुरा वर जात न्हाई.

बगला उघड्या ठेव. तुझ्या आईनं हिरवं पातळ काढून ठेवलंय.

रेवणप्पा गुरुबसप्पा